तिसऱ्यांना नॅनोकणांचा डोस देताना: पावडर, पाणी आणि मोजमाप

प्रश्न रत्नागिरीत पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिने टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइडची नॅनोपावडर विकत घेतली. बाटलीवर '३० नॅनोमीटरपेक्षा कमी' असं छापलेलं आहे. भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आणून, गाळलेल्या खाडीच्या पाण्यात १ आणि १० मिलिग्रॅम प्रति लिटर असा ९६ तासांचा डोस दिला. मे महिन्यात झिंकच्या टबातल्या थोड्या तिसऱ्या मेल्या, जुलैत त्याच डोसला कितीतरी जास्त. डीएलएसवर, म्हणजे प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा आकार काढणाऱ्या यंत्रावर, आकार १२०० नॅनोमीटर दिसतोय. गाइड म्हणतात, डिस्टिल्ड वॉटरमधला आकार लिही आणि पुढे चल. शेवटी विचारलंय, की हे सगळं सोडून कोकमाच्या सालीच्या अर्कातून स्वतःच चांदीचे कण बनवले तर सोपं पडेल का.

आधी गाइडच्या सल्ल्याबद्दल. डिस्टिल्ड वॉटरमधला आकार जरूर लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. तिसरी डिस्टिल्ड वॉटरमध्ये राहत नाही. तुमच्या प्रयोगाला अर्थ येतो तो एकाच प्रश्नाच्या उत्तराने: शून्याव्या तासापासून शहाण्णवाव्या तासापर्यंत त्या तिसरीच्या कल्ल्यांपाशी नेमकं काय पोचलं, किती पोचलं आणि कोणत्या रूपात? सुटे कण, गुठळ्या की विरघळलेला धातू? या विषयावरचे कितीतरी पेपर मी वाचले, परीक्षक म्हणून तपासले. त्यातले जे वाया गेले ते जीवशास्त्र कच्चं होतं म्हणून गेले नाहीत. पाण्यात काय होतं हेच कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून गेले.

बाटलीवरचा आकडा हा सुट्या मूळ कणाचा आकार असतो, आणि बहुतेकदा तो पृष्ठफळावरून काढलेला असतो. पावडर किती नायट्रोजन धरते हे मोजायचं, त्यावरून पृष्ठफळ आणि पृष्ठफळावरून व्यास. कण सुटे आहेत की एकमेकांना चिकटलेले, हे त्यातून कळत नाही. पी२५ ही टायटॅनियम डायऑक्साइडची प्रसिद्ध पावडर घ्या. तिचा मूळ कण सुमारे २१ नॅनोमीटरचा. पण ती ज्वाळेत तयार होते, आणि तिथेच कण एकमेकांत वितळून जोडले जातात. या जोडलेल्या साखळ्या कितीही सोनिकेट केल्या (ध्वनिलहरींनी फोडल्या) तरी २१ पर्यंत फुटत नाहीत, शंभराच्या वरच राहतात. त्यामुळे चांगल्यात चांगल्या स्टॉकमध्ये, म्हणजे पाण्यात कालवून ठेवलेल्या दाट साठ्यात, डीएलएसने दीडशेच्या आसपास आकार दाखवला, तर निराश होऊ नका.

आपल्या हवेचाही विचार करा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या दिवसांत झिंक ऑक्साइडची बाटली उघडी ठेवली, की पावडर हवेतलं बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड धरते आणि कणांवर कार्बोनेटचा थर चढतो. वजनही चुकतं. बाटली आल्याबरोबर कोरड्या हवेच्या दिवशी लहान लहान कुप्यांत वाटून घ्या, झाकणं पॅराफिल्मने बांधा, डेसिकेटरमध्ये ठेवा. एका प्रयोगाला एक कुपी, उरलं तर ते परत मागे टाकायचं नाही. प्रत्येक कुपीवर लॉट नंबर आणि उघडल्याची तारीख लिहा. दोन लॉट म्हणजे दोन वेगळ्या पावडरी, असंच धरून चालायचं.

आता स्टॉक. पिठलं करताना डाळीचं पीठ थेट उकळत्या आधणात टाकलं, तर गुठळ्या होतात आणि मग कितीही घोटा, त्या मोडत नाहीत. म्हणून पीठ आधी थोड्या गार पाण्यात कालवून घेतात. इथेही तेच करायचं. युरोपातल्या नॅनोजेनोटॉक्स प्रकल्पात ठरलेली पद्धत बऱ्याच प्रयोगशाळा वापरतात: पावडर आधी थोड्या इथेनॉलने ओली करायची, मग ०.०५ टक्के बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन असलेल्या पाण्यात २.५६ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर इतका स्टॉक करायचा आणि बर्फात ठेवून १६ मिनिटं प्रोब सोनिकेशन द्यायचं, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या दांडीतून ध्वनिलहरी सोडायच्या. पद्धत चांगली आहे. पण अल्ब्युमिन म्हणजे प्रथिन, आणि तिसरीच्या दृष्टीने अन्न. त्यामुळे कण नसलेलं, फक्त इथेनॉल आणि अल्ब्युमिन घातलेलं पाणी त्याच प्रमाणात वेगळ्या टबात द्यावंच लागतं.

अल्ब्युमिन नको असेल तर सामूवर, म्हणजे पीएचवर, लक्ष ठेवा. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेल्या डिस्टिल्ड वॉटरचा पीएच साडेपाच-सहाच्या दरम्यान असतो, आणि टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणावरचा विद्युतभार नेमका सहाच्या आसपास शून्यावर येतो. भार नाही म्हणजे कण एकमेकांना ढकलत नाहीत. अनेकांचा स्टॉक डिस्टिल्ड वॉटरमध्येच बसतो तो याच कारणाने, आणि दोष मात्र पावडरीला दिला जातो. पीएच चारच्या खाली नेला, की तोच स्टॉक दुधासारखा एकसारखा राहतो. ही युक्ती झिंक ऑक्साइडला लावू नका, ते आम्लात विरघळून जाईल.

सोनिकेशनबद्दल 'अमुक टक्के अॅम्प्लिट्यूड, तमुक मिनिटं' असं लिहून काहीही कळत नाही, कारण प्रत्येक मशीन वेगळं असतं. पाण्यात खरोखर किती ऊर्जा जाते ते मोजा, अर्ध्या तासाचं काम आहे. ५०० मिलिलिटर पाणी थर्माकोलच्या डब्यातल्या बीकरमध्ये घ्या, प्रोब बुडवा, दर अर्ध्या मिनिटाला तापमान टिपा. मिनिटाला २ अंश वाढत असेल, तर पाण्यात सुमारे ७० वॉट जाताहेत. हा आकडा आणि वेळ लिहिली, की गोव्यातली किंवा दापोलीतली प्रयोगशाळा तुमचा प्रयोग पुन्हा करू शकते. आणि प्रोबचं टोक रोज उजेडात धरून बघा. नवं टोक आरशासारखं गुळगुळीत असतं. वापरून वापरून त्यावर बारीक खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यांतून निघालेला धातू तुमच्या बीकरमध्ये जातो. टोक टायटॅनियमच्या मिश्रधातूचं असतं. तुम्ही टायटॅनियमच मोजताय. म्हणून नुसतं पाणी तितकाच वेळ सोनिकेट करून त्यातलं टायटॅनियम मोजलंच पाहिजे.

एवढं करून तयार झालेला सुंदर स्टॉक खाडीच्या पाण्यात पडतो आणि क्षणात बदलतो. कणाभोवती आयनांचा एक थर असतो, त्याच्या जोरावर कण एकमेकांपासून लांब राहतात. १ मिलिमोलर मिठाच्या पाण्यात हा थर सुमारे १० नॅनोमीटर जाड असतो, समुद्राच्या पाण्यात अर्ध्या नॅनोमीटरपेक्षाही पातळ. ढकलणारं काही उरतच नाही, त्यामुळे कण आदळला की चिकटला. हे किती झपाट्याने होतं याचा हिशोब, कण किती वेगाने एकमेकांवर आदळतात ते सांगणाऱ्या स्मोलुकोव्स्कीच्या सूत्राने करता येतो. २० नॅनोमीटरच्या टायटॅनियम डायऑक्साइड कणांचा १ मिलिग्रॅम घेतला, तर त्यात सुमारे ६ वर १३ शून्यं इतके कण असतात. १० मिलिग्रॅम प्रति लिटर या डोसला समुद्राच्या पाण्यात त्यांची संख्या निम्मी व्हायला एक सेकंदसुद्धा लागत नाही. डोस हजारपट कमी केला, म्हणजे १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर, तर त्याच गोष्टीला पाचेक मिनिटं लागतात.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुमचा १० मिलिग्रॅमचा टब हा १ मिलिग्रॅमच्या टबाच्या दसपट नाही. दोन्हींत वेगवेगळ्या आकाराच्या गुठळ्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या वेगाने बसतात. सुटा २० नॅनोमीटरचा कण दिवसाला सुमारे ०.०५ मिलिमीटर खाली जातो, म्हणजे बसतच नाही म्हणा. ५ मायक्रॉनची सैलसर गुठळी तासाला ३ सेंटिमीटरच्या आसपास जाते. हवा सोडलेल्या टबात हे थोडं लांबतं, पण सकाळी डोस दिला तर संध्याकाळपर्यंत बराचसा माल तळाशी साका होऊन बसलेला असतो. पेपरात मात्र '१० मिलिग्रॅम प्रति लिटर, ९६ तास' असंच छापून येतं.

म्हणून डोस दिल्यावर पाणी मोजा. ०, २, ६ आणि २४ तासांनी, टबाच्या मध्यावरून, पिपेटचं टोक न हलवता, थोडंसं पाणी घ्या आणि त्यातला एकूण धातू तपासा. प्रत्येक डोसाचा एक टब तिसऱ्यांशिवायही ठेवा, म्हणजे किती बसलं आणि किती तिसऱ्यांनी ओढलं हे वेगळं काढता येईल. पाणी दर २४ तासांनी बदलत असाल, तर बदलण्याआधीही एक नमुना घ्या. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०१७ ची ३१८ क्रमांकाची चाचणी कण सहा तासांत किती टिकून राहतात हे बघते. ती गोड्या पाण्यासाठी आहे, पण तिच्यातली शिस्त उचलण्यासारखी आहे. जलचरांवरच्या चाचण्यांसाठीचं त्यांचं ३१७ क्रमांकाचं मार्गदर्शन २०२० साली आलं, ते गाइडच्या टेबलावर ठेवा.

गुठळ्या झाल्या म्हणजे प्रयोग फसला, असं समजू नका. तिसरी, कालवं, शिणाणे हे सगळे पाणी गाळून खाणारे जीव. चार-पाच मायक्रॉनच्या वरचे कण त्यांचे कल्ले सहज पकडतात, सुटे नॅनोकण मात्र बरेचसे निसटून जातात. म्हणजे गुठळीत अडकलेला नॅनोकण तिसरीच्या पोटात जाण्याची शक्यता सुट्या कणापेक्षा जास्त. खऱ्या खाडीतही हेच घडणार, गाळाला आणि शेवाळाच्या चिकट धाग्यांना चिकटून. अडचण गुठळीची नसून, न मोजलेल्या गुठळीची आहे. समुद्राच्या पाण्यात जबरदस्तीने कण सुटे ठेवण्यासाठी भरमसाट साबणासारखी रसायनं घालणारे प्रयोग मी पाहिलेत. तिथे मेलेले जीव कणांमुळे मेले की साबणामुळे, हे कुणीच सांगू शकत नाही.

आता मे आणि जुलै. ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना मला तो पावसाळा जसाच्या तसा आठवला. मे अखेरीला आणलेल्या पाण्याची क्षारता ३४ होती, म्हणजे किलोमागे ३४ ग्रॅम क्षार. पुढचा डोस जुलैत लागला. त्याच धक्क्यावरून, त्याच भरतीच्या वेळेला पाणी आणलं, गाळलं आणि कामाला लागलो. पाण्याला किंचित तांबूस झाक होती, ती गाळल्यावरही गेली नाही. तीन आठवड्यांनी, आकडे कशालाच जुळेनात तेव्हा, फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली काढून रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकला. क्षारता ७. सगळा मोसम गेला.

ती तांबूस झाक जांभ्याची. सड्यावरून धुऊन येणाऱ्या पाण्यात लोहाच्या ऑक्साइडचे इतके बारीक कण असतात, की ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून ते सरळ पार होतात. म्हणजे तुमच्या कंट्रोलच्या, कण न घातलेल्या, टबातही नॅनोकण होतेच, निसर्गाने घातलेले. त्यात कांदळवनातून येणारी, कुजलेल्या पालापाचोळ्यातली ह्युमिक द्रव्यं. ती कणांवर लेप चढवतात आणि कमी क्षारतेत त्यांना बराच वेळ सुटे ठेवतात. क्षारता उतरली की झिंकचा मोकळा आयनही वाढतो आणि तो जास्त विषारी ठरतो. शिवाय ७ क्षारतेत तिसरी स्वतःच मेटाकुटीला आलेली असते, कवचं मिटून बसते, गाळणं थांबवते. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या आणि तुम्ही त्या सगळ्याला 'बॅचमधला फरक' म्हणताय.

माझा सल्ला असा. मुख्य प्रयोग कृत्रिम समुद्रपाण्यात करा, एएसटीएम डी११४१ या प्रमाणित कृतीने बनवलेल्या, एकाच क्षारतेवर. तो तुमचा पाया. मग भाट्याचं जानेवारीतलं पाणी आणि जुलैतलं पाणी मुद्दाम, जाणूनबुजून, वेगवेगळे प्रयोग म्हणून घ्या, आणि जुलैसाठी कणांशिवाय कमी क्षारतेचा कंट्रोल ठेवा. कोकणातल्या खाड्यांवर काम करणाऱ्याने पावसाळा टाळू नये. वर्षातले चार महिने खाडी तशीच असते. प्रत्येक वेळी पाण्याची क्षारता, पीएच, तापमान आणि विरघळलेला सेंद्रिय कार्बन टिपून ठेवा.

डीएलएसच्या १२०० या आकड्याबद्दल. हे यंत्र प्रकाश किती विखुरतो ते बघतं, आणि लहान कणांत विखुरण्याचं प्रमाण व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतं. ३०० नॅनोमीटरची एक गुठळी ३० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतकी चमकते. त्यामुळे थोड्या गुठळ्या सगळं चित्र झाकून टाकतात. रीडिंग घेताना काउंट रेटवर, म्हणजे यंत्रात येणाऱ्या विखुरलेल्या प्रकाशाच्या आकड्यावर, नजर ठेवा. मिनिटामिनिटाला तो घसरत असेल तर माल क्युव्हेटच्या तळाशी चाललाय, आणि तुम्ही मोजताय ते फक्त वर उरलेलं. पॉलिडिस्पर्सिटी इंडेक्स (आकारांतली तफावत सांगणारा आकडा) ०.५ च्या पुढे गेला, तर सरासरी आकार छापूच नका. 'मायक्रॉनच्या वरच्या गुठळ्या, आकारात मोठी तफावत' असं सरळ लिहा, ते जास्त प्रामाणिक आहे. पाण्याची चिकटाईही समुद्राची घाला. गोड्या पाण्याची ठेवली तर २५ अंशाला आकार साताठ टक्क्यांनी मोठा येतो. गाळायचं ते पाणी गाळा, नमुना नाही. नमुनाच ०.२ मायक्रॉनमधून गाळून 'आकार ९० नॅनोमीटर' लिहिणारे आहेत. त्यांनी जे मोजायचं तेच फिल्टरवर टाकून दिलेलं असतं.

झीटा पोटेन्शियल, म्हणजे कणावरच्या भाराचं माप, समुद्राच्या पाण्यात मोजायला जाऊ नका. एवढ्या खारट पाण्यात सेलच्या इलेक्ट्रोडवर बुडबुडे येतात, ते काळे पडतात, नमुना तापतो. तो १ मिलिमोलर मिठाच्या पाण्यात मोजा आणि पीएचसकट लिहा.

टीईएमची (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची) सोय रत्नागिरीत नाही म्हणून तुम्ही नमुना पवईला, आयआयटीतल्या सैफ या उपकरण केंद्रात पाठवणार असाल. मी सुरुवातीला बाटल्याच घेऊन जायचो. रात्रीची बस, कशेडीचा घाट, सकाळी पनवेल. बाटली उघडेपर्यंत वर निवळी आणि खाली साका. आता ग्रिड (नमुना ठेवायची बारीक जाळी) इथेच बनवतो आणि फक्त ग्रिडची डबी नेतो. खाऱ्या पाण्याचा थेंब ग्रिडवर तसाच सुकू दिला, तर पडद्यावर मिठागर दिसतं. काळे कातीव चौकोन, एकमेकांवर चढलेले, आणि त्यांच्या कडांना अडकलेले चार-दोन कण. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपले कण चौकोनी झाले. म्हणून थेंब एखाद मिनिटच ग्रिडवर ठेवायचा, फिल्टर पेपरच्या कडेने टिपून घ्यायचा, मग डिस्टिल्ड वॉटरच्या दोन थेंबांवर ग्रिड टेकवून धुवायची आणि पुन्हा टिपायची. स्टॉकचा एक ग्रिड, दोन तासांनंतरच्या टबाचा एक. निदान तीनशे कण मोजा, ठिकाणं न निवडता. आणि लक्षात असू द्या, ग्रिडवर दिसणारी गुठळी सुकताना झालेली असू शकते. गुठळ्यांचा पुरावा टीईएम एकट्याने देत नाही, मूळ कणाचा आकार मात्र तोच देतो.

झिंक ऑक्साइडचा मामला निराळा. ते विरघळतं. १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या डोसात, समुद्राच्या पाण्यात, एक-दोन दिवसांत त्यातलं बरंचसं आयन होऊन जाऊ शकतं. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी गोड्या पाण्यातल्या शेवाळावर नॅनो झिंक ऑक्साइड, साधं झिंक ऑक्साइड आणि झिंक क्लोराइड शेजारी शेजारी ठेवून बघितलं. तिन्हींचा विषारीपणा सारखाच निघाला, सुमारे ६० मायक्रोग्रॅम झिंक प्रति लिटर. म्हणजे मारलं ते विरघळलेल्या झिंकने. तुमच्या प्रयोगात झिंकच्या मिठाचा टब नाहीये, आणि माझ्या मते ही सगळ्यात मोठी उणीव आहे. १ मिलिग्रॅम झिंक ऑक्साइडमध्ये ०.८ मिलिग्रॅम झिंक असतं, तेवढं झिंक मिळायला सात पाण्यांचं झिंक सल्फेट ३.५ मिलिग्रॅम लागतं. पण एवढ्यावर भागवू नका. कणांच्या टबात प्रत्यक्षात किती विरघळलं ते मोजा आणि तेवढ्याच झिंकचा आणखी एक टब लावा. मोजताना ०.२ मायक्रॉनचा फिल्टर चालत नाही, त्यातून कणही जातात. फक्त विरघळलेलं जाऊ देणाऱ्या, ३ किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूज फिल्टर नळ्या वापरा, पहिलं गाळलेलं पाणी टाकून द्या.

झिंक सगळीकडून येतं. रबरी हातमोजे, रबरी बुचं, ट्यूब यांत झिंक ऑक्साइड घातलेलंच असतं. नायट्राइलचे, पावडर नसलेले हातमोजे वापरा आणि तेही पाण्याला लागू देऊ नका. खाडीचं पाणी मिरकरवाड्यासारख्या बंदराजवळून आणू नका, होड्यांच्या तळाच्या रंगात तांबं आणि झिंक असतं.

आणि टायटॅनियम. ते विरघळत नाही, म्हणून लोकांना सोपं वाटतं. पण आपल्या किनाऱ्यावर ते फार फसवं आहे. काळबादेवी, मालगुंडच्या पुळणीवरची काळी रेती तुम्ही पायाखाली घातली असेल. ती इल्मेनाइटची, लोह आणि टायटॅनियमचं खनिज. वजनाच्या सुमारे ३१ टक्के टायटॅनियम. शंभर मायक्रॉनचा एक दाणा, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, अडीच मायक्रोग्रॅम वजनाचा भरतो आणि त्यात पाऊण मायक्रोग्रॅम टायटॅनियम असतं. तिसरीच्या आतड्यात असे चार दाणे राहिले, तर तुमच्या कमी डोसाचा सगळा निकाल त्याखाली गाडला जाईल. म्हणून डोस देण्याआधी तिसऱ्या स्वच्छ पाण्यात निदान दोन दिवस ठेवा, पाणी बदलत राहा, तळाशी रेती यायची थांबेपर्यंत. बाजारातून आणलेल्या तिसऱ्या घरी बायका मिठाच्या पाण्यात ठेवून रेती सोडवतात, तेच काम इथे काटेकोरपणे. डोस संपल्यावर पुन्हा एक दिवस. कापताना आतडं वेगळं, कल्ले वेगळे, पाय वेगळा. मोजताना नायोबियमही मोजा. खनिजातल्या टायटॅनियमबरोबर ते येतं, कारखान्यातल्या पावडरीत ते नसल्यासारखंच असतं, त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखता येतात.

आयसीपी-एमएसवाल्याला (धातू मोजणारं यंत्र चालवणाऱ्याला) आधीच सांगा, की नमुना शिंपल्याचा आहे. टायटॅनियमचा मुख्य समस्थानिक, म्हणजे अणूचा प्रकार, ४८ वस्तुमानाचा, आणि कॅल्शियमचाही एक समस्थानिक ४८. कॅल्शियमने भरलेल्या नमुन्यात ४८ वर मोजलं, तर टायटॅनियम नसतानाही दिसतं. ४७ किंवा ४९ वर, रिअॅक्शन सेल लावून मोजायला सांगा. नायट्रिक आम्लात टायटॅनियम डायऑक्साइड विरघळत नाही, त्याला हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा गरम सल्फ्युरिक लागतं. हायड्रोफ्लोरिकला एकट्याने हात लावायचा नाही. त्याची वेगळी व्यवस्था आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल असलेल्या प्रयोगशाळेतच ते काम द्या.

पेशींवरच्या चाचण्यांचं थोडक्यात. पेशी जिवंत आहेत का हे दाखवणारा न्यूट्रल रेडसारखा रंग कण शोषून घेतात आणि वर प्रकाशही विखुरतात. पेशी नसलेल्या वाटीत कण आणि रंग टाकून बघितल्याशिवाय कोणत्याही आकड्यावर विसंबू नका. स्टॉकमध्ये जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातलं विष) असेल, तर सूज कणांमुळे आल्यासारखी दिसते. काचेची भांडी २५० अंशाला निदान अर्धा तास भाजून घ्या.

कोकमाच्या अर्कातल्या चांदीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या कामासाठी नको. बनवायला सोपे म्हणून ते अभ्यासायला सोपे होत नाहीत. प्रकाश शोषणाच्या आलेखात ४२० नॅनोमीटरच्या आसपास शिखर दिसलं म्हणजे चांदीचे कण तयार झाले, एवढंच कळतं. त्यांच्यावर कोकमातली कोणती आम्लं, कोणती रंगद्रव्यं किती चिकटली आहेत, हे दर झाडाला, दर मोसमाला बदलतं. अर्क स्वतःच जंतूंना मारतो, म्हणून अर्काचा वेगळा टब हवाच. न जुळलेलं सिल्व्हर नायट्रेट उरलेलं असतं, ते तीनदा सेंट्रिफ्यूज करून धुतल्याशिवाय जात नाही. आणि समुद्राच्या पाण्यात लिटरमागे १९ ग्रॅम क्लोराइड. सुटलेली चांदी लगेच क्लोराइडशी बांधली जाते, काही साका होऊन बसते, काही विरघळलेल्या क्लोराइड संयुगांच्या रूपात राहते आणि तीच जिवंत पेशींपर्यंत पोचते. कणांचा परिणाम वेगळा काढणं झिंकपेक्षाही अवघड. चांदीवरच काम करायचं असेल, तर प्रमाणित साठ्यातले, सिट्रेटचा लेप असलेले चांदीचे कण घ्या, म्हणजे निदान सुरुवात कुठून झाली हे सगळ्यांना माहीत असेल.

कोरडी पावडर फ्यूम हूडमध्येच तोला, खिडकी आणि पंखा बंद करून. दुपारचा खारा वारा आत आला, की मिलिग्रॅमांची पावडर हवेत जाते. टेबल ओल्या कापडाने पुसा, झाडू नका. टबातलं पाणी मोरीत ओतू नका, ते पुन्हा खाडीतच जातं. त्याच खाडीत ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभं राहून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचं घर त्या टोपलीवर चालतं. तुमचा निकाल एक दिवस वर्तमानपत्रात येईल आणि त्यांच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचेल. खोटी भीती पोचली तर त्यांचा बाजार जाईल, खरा धोका दबला तर लोकांचं आरोग्य.

जुन्या दोन बॅचेस फेकू नका. मेची बॅच वापरता येईल, फक्त 'कण' या शब्दाऐवजी 'झिंक ऑक्साइड आणि त्यातून सुटलेलं झिंक' असं म्हणावं लागेल, आणि तेसुद्धा फ्रिजमधलं टबाचं पाणी उरलं असेल तर ते आधी तपासून. गोठवलेल्या तिसऱ्यांचे कल्ले आणि आतडी वेगळी करून त्यातलं टायटॅनियम आणि नायोबियम मोजा. काळ्या रेतीचा वाटा किती, हे कंट्रोलच्या तिसऱ्यांवरूनच कळेल. जुलैच्या पाण्याची बाटली शिल्लक असेल तर आजच क्षारता बघा. नसेल तर ती बॅच बाजूला ठेवा आणि येत्या डिसेंबरात, पाणी स्थिर झाल्यावर, १० मिलिग्रॅमऐवजी १०० मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करा.